पंखा बंद ठेवून

माझ्या कामाच्या खोलीत कुणी आलं की आधी पटाश्या हातात घेऊन बघतं. कोरलेल्या फळीवरून बोट फिरवतं आणि विचारतं, "किती दिवस लागले हो?" छापण्याबद्दल कुणी काही विचारत नाही. ठसा झाला की राहिलं काय, शिक्के मारायचे, असंच लोकांना वाटतं. मला हे मुळीच पटत नाही. जपानी लाकडी छपाईत चित्र घडतं ते छापताना, आणि त्यातला निम्म्याहून जास्त जीव पाण्यावर जातो.

जपानमध्ये पूर्वी चित्र काढणारा वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसे घालून सगळ्यांकडून काम करून घेणारा प्रकाशक वेगळा. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या या खोलीत ते सगळं मी एकटीच करते. कोरायला मला दिवसाची कुठलीही वेळ चालते. छापायचं मात्र पहाटेच, आणि त्याची तयारी आदल्या संध्याकाळी.

कागद तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा. लांब धाग्यांचा असल्यामुळे एकाच कागदावर कितीतरी वेळा घासलं तरी तो फाटत नाही. रंग पसरू नये म्हणून त्याला सरस आणि तुरटीचं पाणी आधीच दिलेलं असतं. संध्याकाळी रुंद ब्रशनं एकाआड एक कागद ओला करायचा, गठ्ठा लावायचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर फळी ठेवायची. सकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी मुरते. कागद हाताला गार लागला पाहिजे, पण बोटाला पाणी लागता कामा नये.

एप्रिल-मे महिन्यात पंखा लावायची सोय नाही. वारा लागला की कडा आधी सुकतात, कागद आक्रसतो आणि आधी छापलेल्या निळ्यावर दुसऱ्या ठशानं बसणारा हिरवा केसभर सरकतो. ठशातच कागद टेकवायच्या दोन खाचा कोरलेल्या असतात, एक कोपऱ्याची आणि एक सरळ. पण कागदच लहान झाला तर खाचा काय करणार? म्हणून खिडकीला ओलं गोणपाट, पंखा बंद, आणि उन्हं वर यायच्या आत काम आटपायचं. पावसाळ्यात कागद छान ओला राहतो, पण बुरशी धरते. तेव्हा गठ्ठा फ्रिजमध्ये जातो. भाजीचा खालचा कप्पा आईनं माझ्यासाठी मोकळा करून दिलाय.

खळ मी तांदळाच्या पिठाचीच शिजवते, पातळ आंबिलीसारखी. ठशावर रंग, त्याशेजारी खळीचा एक थेंब, मग घोड्याच्या केसांच्या ब्रशनं दोन्ही एकजीव करायचं. कागद खाचांत टेकवून खाली सोडायचा आणि पाठीवरून बारेन फिरवायचं. बारेन म्हणजे तळहाताएवढी गोल चकती. आत बांबूच्या कोंबावरच्या सालपटाची वळलेली दोरी गुंडाळलेली असते, बाहेरून त्याच सालपटाचं ताणून बांधलेलं वेष्टन. दोरीच्या प्रत्येक पिळाची गाठ कागदावर वेगळी दाबते, म्हणून रंग कागदाच्या आत शिरतो, वर थापल्यासारखा दिसत नाही. जोर मनगटाचा नव्हे, खांद्यापासूनचा. वेष्टन फाटलं की ओलं करून नवं बांधायचं, आणि ते बांधता येणं हीसुद्धा शिकायचीच गोष्ट.

सध्या रंकाळा तलावाची संध्याकाळ छापतेय. तलावातला संध्यामठ काळ्या ठशात, मागचं आभाळ वर गडद निळं आणि खाली येता येता नाहीसं होणारं. ही उतरती छटा कोरलेली नसते. फळी सपाटच असते. ओल्या फडक्यानं ती पुसायची, ब्रशच्या एका टोकाला रंग आणि दुसऱ्या टोकाला नुसतं पाणी घेऊन आडवा फिरवायचा. एकाच कागदावर हे तीनदा केलं की आभाळाला खोली येते. प्रत्येक कागदाला नव्यानं.

जपानी चित्रकार योशिदा हिरोशी यांनी १९२६ साली शिडाच्या होड्यांचं एक चित्र सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या वेळांचं छापलं. मुख्य ठसे तेच, बदलली ती छपाई. पुढे ते भारतात फिरले, ताजमहाल, अजिंठा, वेरूळ यांचीही चित्रं त्यांनी केली. छपाईला दुय्यम मानणाऱ्यांना मी त्या होड्या दाखवते.

फळ्या मी शिवणीच्या घेते. सागाचे रेषे उघडे, बारीक रेघ तुटते. आमचे मिस्त्री रंधा मारता मारता म्हणाले, "ताई, एवढी गुळगुळीत करून घेतायसा, आन् परत सगळी खणून काढतायसा व्हय?" म्हटलं, "मामा, जेवढी ठेवते ना, तेवढीच छापायची. तिथं एक ओरखडा चालत नाही." त्यानंतर ते रंध्याचं पातं दोनदा परजून घेतात.

शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी पटाशी देत नाही. एक कोरी फळी, एक रंग, आणि हाताएवढा चौकोन सपाट छापून आणायचा. पांढरे ठिपके आले तर खळ कमी पडली किंवा हात हलका पडला. कडेला रंग साचला तर पाणी जास्त झालं. कागद फळीला चिकटला तर खळ जास्त झाली. "मग कोरायचं कधी?" असं विचारतात. मी म्हणते, चौकोन जमला की दुसऱ्या दिवशी.