दोन पाटील आणि तीन होमरन

कोल्हापुरात मैदान म्हटले की पेठापेठांतला फुटबॉल आणि खासबागेतली कुस्ती डोळ्यांसमोर येते. सॉफ्टबॉल बहुतेकांच्या लेखी शालेय स्पर्धांपुरता आणि त्या प्रमाणपत्रांपुरता उरलेला खेळ आहे. शाळेत आणि महाविद्यालयात तो खेळलेली, नंतर नोकरी, फाउंड्री, दुकान आणि शेती यांत विखुरलेली आम्ही चाळिशीच्या आसपासची माणसे गेल्या हिवाळ्यात पुन्हा एकत्र आलो. त्याचे कारण शहरात हौशी खेळाडूंसाठी जाहीर झालेली स्लो-पिच, म्हणजे संथ चेंडूच्या सॉफ्टबॉलची, एक स्पर्धा होती. संघाचा व्यवस्थापक होण्याची हौस मलाच होती, त्यामुळे पुढे जे भोगावे लागले त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला किती आहे, हा प्रश्न घरातूनही विचारला गेला.

प्रवेश शुल्क, छायाचित्रे, आधारच्या प्रती आणि वयाचे दाखले दोन दिवसांत गोळा झाले. सोळा नावांची यादी मुदतीच्या आदल्या संध्याकाळी दिली आणि पावती घेतली. इथपर्यंत सांगण्यासारखे काही नाही.

स्पर्धेला बारा दिवस उरले असताना सर्व संघांच्या मंजूर याद्या फलकावर लागल्या. आमच्या यादीतील सातव्या नावापुढे लाल शाईत ‘दुबार’ असा शेरा होता. ते नाव आमच्या पाटलांचे होते. नियमावलीप्रमाणे एका खेळाडूचे नाव दोन संघांच्या यादीत आढळल्यास तो दोन्ही संघांतून बाद होतो आणि त्याच्या जागी नवा खेळाडू घेता येत नाही. हा नियम मुळात योग्यच आहे. दमदार फलंदाजाने सकाळी एका संघाकडून आणि दुपारी दुसऱ्या संघाकडून उतरायचे, हा प्रकार गावोगावच्या हौशी स्पर्धांत सर्वांनी पाहिलेला आहे. मात्र आमचे पाटील दुसऱ्या कोणत्याही संघात नव्हते. दुसऱ्या संघात होते ते दुसरे पाटील. दोघांचे नाव एक, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर एक आणि आडनाव तर काय, कोल्हापूर जिल्ह्यात पाटील आडनावाच्या दोन माणसांना एकच समजायचे ठरवले तर अर्धी मतदार यादी रद्द करावी लागेल. अर्जात वडिलांच्या नावासाठी एकच चौकोन होता आणि त्यात एकच अक्षर मावत होते.

सोळांतील एक खेळाडू गेला तर इतके बिघडले कुठे, असे कोणी विचारील. त्यासाठी त्याच फलकावर लागलेला दुसरा कागद सांगावा लागेल. ते होमरनविषयीचे परिपत्रक होते. चेंडू थेट सीमेपार मारून फलंदाज चारही बेस, म्हणजे मैदानातले चार थांबे, फिरून धाव घेतो तो होमरन.

स्लो-पिचमध्ये चेंडू उंच कमान घेऊन संथ येतो, बंट केल्यास, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता अडवल्यास, फलंदाज बाद होतो आणि क्षेत्ररक्षणाला नऊऐवजी दहा खेळाडू असतात. अंगात जोर असलेल्या फलंदाजाला असा चेंडू सीमेपार भिरकावणे फारसे अवघड नसते. म्हणून जगभरच्या हौशी स्लो-पिच स्पर्धांत संघाच्या दर्जानुसार होमरनची मर्यादा घालतात. मर्यादेनंतर चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर फलंदाज बाद धरला जातो, चेंडू मृत होतो आणि बेसवरच्या धावपटूंना पुढे सरकता येत नाही. काही ठिकाणी ठरावीक आकड्याऐवजी प्रतिस्पर्धी संघापेक्षा एकाच होमरनने पुढे राहण्याची मुभा असते. आमच्या स्पर्धेत प्रत्येक संघाला प्रत्येक सामन्यात तीन होमरन ठरले. त्याचे कारण मैदान पाहताच समजत होते. डाव्या बाजूची भिंत इतकी जवळ होती की आम्ही फीत लावून मोजली, तेव्हा होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून, १९० फूट भरली. आंतरराष्ट्रीय नियमांत महिलांच्या फास्ट-पिच, म्हणजे वेगवान चेंडूच्या, प्रकारासाठीदेखील कुंपण किमान २२० फुटांवर लागते. हा खेळ १८८७ मध्ये शिकागोच्या एका बोट क्लबच्या बंदिस्त दालनात बॉक्सिंगचा हातमोजा आणि झाडूचा दांडा घेऊन सुरू झाला, त्यामुळे भिंतीशी त्याचे नाते जन्मापासूनचे आहे असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

माझा राग मर्यादेवर नव्हता, तिच्या मुहूर्तावर होता. यादी गोठवल्यानंतर होमरनची मर्यादा जाहीर करणे म्हणजे पत्रिका वाटून झाल्यावर लग्नाचे गाव सांगणे होय. आम्ही सोळांपैकी सात जण केवळ उंच आणि लांब फटका मारणारे म्हणून निवडले होते. तीन होमरनच्या नियमात असे सात फलंदाज हे संकट असते, कारण चौथ्या फटक्यापासून त्यांचे बळच त्यांना बाद करते. जमिनीलगतचा, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि तिसऱ्या बेसच्या मधून जाणारा फटका हुकमी मारणारा आमच्याकडे एकच माणूस होता आणि त्याच्याच नावापुढे ‘दुबार’ लिहिलेले होते.

कार्यालय संध्याकाळी पाच ते सात उघडे असे. पहिल्या दिवशी तेथील गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितले, “यादी संगणकात लॉक झाली आहे, आता आमच्या हातात काही नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘खेळाडू बदल’ असा छापील अर्ज पुढे केला. मी पेन उघडलेही होते. मग लक्षात आले की त्या अर्जाची पहिलीच ओळ ‘खालील खेळाडू अपात्र ठरल्याने’ अशी होती. त्यावर सही केली असती तर आमचे पाटील दुबार असल्याचे आम्हीच लिहून दिले असते आणि दुबार खेळाडूच्या जागी बदली मिळत नाही या नियमाने तो अर्जही फेटाळला गेला असता. घाई झालेल्या माणसापुढे कार्यालय जो अर्ज सरकवते तो घरी नेऊन, चहा घेऊन, मगच भरावा, हे मी त्या दिवशी शिकलो.

तिसऱ्या खेपेला दुसऱ्या संघाचा ना हरकत दाखला आणण्याचा सल्ला मिळाला. त्या संघाचे व्यवस्थापक फोनवर म्हणाले, “तुमचा माणूस आमच्याकडं कधी नव्हताच, मग हरकत नाही म्हणून तरी काय लिहू?” त्यांचे बोलणे बिनतोड होते. शिवाय त्यांचेही पाटील अडकलेले होतेच. ते त्यांचे कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारे, होते, त्यामुळे माझ्याइतकेच तेही अस्वस्थ होते. कार्यालयाने आम्हा दोघांना स्वतंत्रपणे एकमेकांकडे पिटाळले होते, हे त्या फोनवर उघड झाले. अशा प्रकरणात समोरचा संघ हा प्रतिस्पर्धी नसून सहअर्जदार असतो. हा फोन मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट चौथ्या खेपेला कळली. दोन्ही पाटलांच्या आधारच्या प्रती अर्जांना जोडलेल्या होत्याच. दोघांची जन्मवर्षे वेगळी, गावे वेगळी, चेहरे तर कोणालाही वेगळे दिसावेत असे होते. परंतु दुबार नावे शोधताना केवळ यादीतील नावांचा रकाना पाहिला गेला होता आणि अर्जांचा गठ्ठा दोरी बांधून कपाटात गेला होता. तो सोडून दोन कागद शेजारी ठेवले असते तर काम संपले असते. मी तसे सुचवले. गृहस्थ म्हणाले, “हरकत अर्ज आल्याशिवाय कपाट उघडता येत नाही.” हरकत अर्जासोबत ५०० रुपये अनामत भरावी लागते आणि निकाल अर्जदाराच्या बाजूने लागल्यास ती परत मिळते. मी पैसे भरले आणि पावती घेतली.

मग आदेश झाला की दोन्ही खेळाडूंनी मूळ ओळखपत्रांसह, दोन्ही व्यवस्थापकांसमवेत, एकाच वेळी समक्ष हजर राहावे. आमचे पाटील शिरोली एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला, म्हणजे कार्यालय उघडण्याच्या वेळी ते कारखान्यात. दुसरे पाटील गडहिंग्लजकडचे, त्यांच्या उसाला नेमकी त्याच आठवड्यात तोड आलेली. ज्याने ऊस लावला आहे त्याला तोड सोडून सॉफ्टबॉलच्या ओळखपरेडला ये म्हणणे किती अवघड असते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. रविवारी दोघेही मोकळे होते, तर कार्यालय बंद होते. अखेर आमच्या पाटलांनी एका सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली, दुसरे पाटील ट्रॉली भरून कारखान्याकडे रवाना करून एसटीने आले आणि स्पर्धेला चार दिवस उरले असताना आम्ही चौघे त्या टेबलासमोर उभे राहिलो.

तपासणीला पाच मिनिटेही लागली नाहीत. दोन ओळखपत्रे, दोन चेहरे, एक शिक्का. मात्र गृहस्थ शिक्का शोधत असताना दोन्ही पाटील गप्पांना लागले आणि दोघांचे आजोळ एकाच गावचे निघाले. “म्हणजे पाहुणंच की आपण,” असे आमचे पाटील मोठ्याने म्हणाले, तेव्हा मी त्यांचा हात दाबला. आता नाते निघाल्याचा वेगळा दाखला मागतील, या धास्तीने मला घाम फुटला होता.

संघाची यादी आणि सामन्याची फलंदाजी क्रमवारी हे दोन निराळे कागद आहेत, हे नव्या व्यवस्थापकांना आधीच माहीत असावे. यादी एकदाच गोठते, क्रमवारी मात्र प्रत्येक सामन्यापूर्वी पंचांना द्यायची असते. क्रमवारीत चूक झाली तर प्रतिस्पर्ध्याने दाद मागितल्यावर फार तर एखादा खेळाडू बाद होतो. यादीबाहेरचा खेळाडू उतरवल्याचे सिद्ध झाले, तर सामनाच जातो आणि सॉफ्टबॉलमध्ये असा सोडून दिलेला सामना ७-० असा नोंदवला जातो, सात डावांच्या सात धावा. म्हणूनच ‘दुबार’ शेरा असताना पाटलांना तसेच उतरवू, कोण पाहतो, असे आमच्यातील दोघे म्हणाले तेव्हा मी ऐकले नाही. क्रमवारीतही पूर्ण नाव लिहावे. मी तर आमच्या पाटलांच्या नावात वडिलांचे, आजोबांचे आणि गावाचेही नाव घातले, आणि पंच हसले तरी कागद त्यांनी तसाच घेतला.

त्या पाचव्या खेपेत, शिक्का हाताशी आहे हे पाहून, मी आणखी एक काम करून घेतले आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. होमरनच्या परिपत्रकाबाबत तीन प्रश्न कागदावर लिहून मी त्यांची लेखी उत्तरे घेतली. टप्पा पडून भिंतीपलीकडे गेलेला चेंडू मर्यादेत धरला जाईल का? उत्तर: नाही, त्याला दोन बेस. मैदानातच चेंडू राहून फलंदाज धावून होम प्लेटवर परत आला तर? तोही मोजला जाणार नाही. क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागून चेंडू भिंतीपलीकडे गेला तर? चार बेस मिळतील, परंतु तीनच्या हिशेबात तो येणार नाही. हे तिसरे उत्तर अमेरिकेतील रूढ नियमावलीलाही धरून आहे. गृहस्थांनी तेथेच कोणाला तरी फोन करून खात्री केली, खाली सही केली. एवढ्यापुरते मी त्यांना धन्यवाद देतो.

पहिल्याच सामन्यात तो कागद उपयोगी पडला. आमच्या आडदांड मंडळींनी दुसऱ्या डावातच तीन होमरन संपवले. चौथ्या डावात दोन धावपटू बेसवर असताना आमच्या सर्वांत ताकदवान फलंदाजाने, मी बाजूने ओरडून जमिनीलगत मार म्हणून सांगत असताना, चेंडू भिंतीवरून थेट पलीकडच्या रस्त्यावर घातला. तो बाद झाला, धावपटू जागच्या जागी राहिले आणि तो बाकावर येऊन माझ्याकडे न बघता पाणी प्यायला. पुढे पाटील आले. त्यांचा फटका त्या दिवशी नेहमीपेक्षा थोडा उंच गेला. लेफ्ट फिल्डरने भिंतीला पाठ लावून उडी घेतली, चेंडू त्याच्या ग्लोव्हजच्या टोकाला लागला आणि पलीकडे पडला. पंचांनी चौथा नव्हे, पाचवा होमरन म्हणून बाद देत हात वर केला. मी गुणलेखनाच्या वहीच्या मागच्या कव्हरात ठेवलेला कागद काढला, त्यांनी तो दोनदा वाचला, प्रतिस्पर्धी कर्णधाराला दाखवला आणि निर्णय फिरवला. त्या तीन धावांवर आम्ही सामना जिंकलो. पुढचा सामना हरलो, त्याला मात्र कोणताही नियम जबाबदार नव्हता.

अनामतीचे ५०० रुपये परत मिळण्यासाठी स्पर्धेनंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या कार्यालयात गेलो. निकाल आमच्या बाजूने लागल्याचे त्यांनी मान्य केले. रक्कम मात्र अर्जदाराच्या नावाने निघणार होती आणि अर्जदार म्हणून नोंदवहीत केवळ ‘पाटील’ असे लिहिलेले होते. त्यातील कोणते पाटील, हे ठरवण्यासाठी दोघांना समक्ष घेऊन या, असे मला सांगण्यात आले. ती पावती अजून त्याच वहीच्या कव्हरात आहे.