दुकानात चालतो, घरी मरतो

डेस्कटॉप चालूच होत नाही, या तक्रारीत गिऱ्हाइकाचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. आमच्या काँप्युटर दुरुस्तीवाल्यांतले बरेच जण भिंतीतल्या सॉकेटकडे न बघता कॅबिनेट उचलून दुकानात नेतात. तिथे वायरिंग नवं, व्होल्टेज पूर्ण, खोलीत एसी. बिघाड सापडला नाही की एखादा पार्ट बदलून परत पाठवतात. मी याच्या विरोधात आहे आणि गेल्या मे महिन्यापासून तर फारच.

नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, वरचा मजला, भाड्याचा. मुलगी घरी बसून टॅलीवर दुकानांचे हिशेब करते. जीएसटी रिटर्नची 20 तारीख तोंडावर आलेली. तिची आई म्हणाली, "दादा, तो रिपेअरिंगवाला पोरगा नेते अन् तिकडं मस्त चालते म्हणते. इथं आणून लावलं का बंद. एसएमपीएस बदलून झाला, आता मदरबोर्ड बदला म्हणून राहिला." एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज काँप्युटरला हवी तशी करून देणारा डबा, आणि मदरबोर्ड म्हणजे सगळे पार्ट जोडलेले असतात ती मुख्य प्लेट.

दुपारचे तीन. बाहेर पारा 45 च्या वर. खिडकीत लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर, ताट्या भिजलेल्या, आत पंप चालू, खिडकीखालची फरशी ओली. कूलर आणि काँप्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. मधे यूपीएस होता, पण बॅटरी बसल्यावर तो काढून माळ्यावर टाकलेला.

बटण दाबलं. पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि थांबला. मदरबोर्डवरचा हिरवा दिवा मात्र लागलेला. तो दिवा महत्त्वाचा. त्याचा अर्थ जांभळ्या वायरवरचे स्टँडबायचे 5 व्होल्ट येत आहेत, म्हणजे एसएमपीएस पूर्ण मेलेला नाही. बटणाच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने जोडून पाहिल्या, तेच. म्हणजे बटणही ठीक. एसएमपीएसकडून मदरबोर्डला जाणारा 24 पिनांचा कनेक्टर काढून त्यातली हिरवी वायर काळीला जोडली, म्हणजे एसएमपीएस एकटाच चालू होतो. मदरबोर्ड बाजूला ठेवूनही एसएमपीएस उठून लगेच बसत होता. इथेच मदरबोर्ड निर्दोष सुटला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, तिला वायरचा एक तुकडा लागतो. ती न करता मदरबोर्ड बदलायला सांगणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही.

नवा कोरा एसएमपीएस दुकानात चालतो आणि इथे बसतो, तर मग त्याला इथे मिळतंय काय? मीटर सॉकेटमध्ये घातला. 158 व्होल्ट. काकूंना कूलर बंद करायला सांगितला. 187. बटण दाबलं आणि विंडोज आलं. मुलगी उठून उभीच राहिली.

स्वस्तातला एसएमपीएस साधारण 180 च्या खाली भार पेलत नाही. दुपारी गल्लीत सगळ्यांचे कूलर-एसी चालू, त्यामुळे लाइनच कमी. त्यात भिंतीतल्या सॉकेटची पकड सैल, प्लास्टिक तपकिरी पडलेलं, हात लावला तर चटका. कूलरचा करंट त्या सैल जोडातून गेला की आणखी तीसेक व्होल्ट तिथेच जळत होते. त्या पोराने रात्री, थंडाव्यात, कूलर बंद असताना येऊन लावलं असतं तर त्यालाही चालू दिसलं असतं.

बिघाड सापडला होता. निघता आलं असतं. पण कॅबिनेटचा पत्रा बंद करायला गेलो तेव्हा मुलगी म्हणाली, "त्याला हात नका लावू, झिणझिण्या येतात. मी चप्पल घालूनच बसते."

अर्थिंग नसलं की कॅबिनेटला झिणझिण्या येतातच. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर पत्र्यावर मुख्य व्होल्टेजच्या निम्मं सोडतात, करंट अगदी थोडा. कूलर बंद असताना न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत मोजलं, तर 90 च्या आसपास. ठीक. मग कूलर चालू केला, पंपासकट. 150. हे निम्मं नव्हतं, जवळपास पूर्ण फेज होता. पंपाचा प्लग काढला, परत निम्म्यावर.

पंपाचं सील फुटलेलं. करंट पाण्यात, पाण्यातून टाकीच्या पत्र्याला, तिथून कूलरच्या अर्थ वायरने एक्स्टेंशन बोर्डात. बोर्डात सगळ्या अर्थ पिना एकाच पट्टीने जोडलेल्या, म्हणून तिथून काँप्युटरच्या कॅबिनेटला. आणि भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण मागे वायरच नव्हती. फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प धरला, फिलामेंट लालसुद्धा झाली नाही. संरक्षणासाठी असलेली ती तिसरी पिन कूलरचा करंट मुलीच्या हातापर्यंत पोचवत होती. फरशी ओली. मधे फक्त रबरी चप्पल.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणूस गेल्याची बातमी येते. आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या दिवशी मी बराच वेळ जिन्यात उभा होतो.

सॉकेट बदलला, पंप बदलला, कूलरला मीटरजवळून वेगळी लाइन ओढून दिली. 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, लावून घेतला. अर्थिंग नसलं तरी माणसातून करंट जमिनीत जायला लागला की तो लाइन तोडतो. तो पंपाने पडतो की नाही हे बघायला जुना फुटका पंप मुद्दाम लावला आणि टाकीला खिडकीच्या गजाशी वायरने जोडलं. खट्कन पडला. अर्थिंगचा खड्डा मात्र घरमालकाने खणायचा. मी स्वतः फोन केला, तर म्हणाले, पाऊस पडू द्या, माती नरम झाली की बघू.

मदरबोर्ड सांगणाऱ्या त्या पोराचं दुकान मला माहीत आहे. त्याच्याकडे जाऊन सॉकेटचा तो जळका तुकडा टेबलावर ठेवला. त्याने बघितला, म्हणाला, "भाऊ, हे तर इलेक्ट्रिशियनचं काम." त्याच गल्लीत त्याची आणखी गिऱ्हाइकं आहेत आणि जूनचा पाऊस यायला तेव्हा तीन आठवडे होते.