रोजकीर्द चालू, खतावणी थकलेली

२०२४ च्या गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, सुरू केलेल्या रोजच्या नोंदींना आज लक्ष्मीपूजनाला ५६१ दिवस झाले. लिहिलेले ५१७, कोरे ४४. सलग शंभरचा विडा उचलला होता, तो काही पुरा झाला नाही. ८३ वर भाचीचं लग्न आडवं आलं.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं किराणा दुकान आहे. वडील खिशातल्या डायरीत रोज चार ओळी लिहायचे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं आणि दुकानातलं खालचं कपाट कितीतरी दिवस पाण्यात राहिलं. पूर ओसरल्यावर डायऱ्या गच्चीत दोरीवर वाळत घातल्या. बॉलपेननं लिहिलेलं बरंचसं अजून वाचता येतं. शाईपेनचं मात्र पानभर निळं आभाळ. १९७४ ची डायरी, माझ्या जन्माची, शाईचीच होती. म्हणून माझ्या नोंदी कागदावर नाहीत. त्या ऑनलाइन फोल्डरात असतात आणि दर रविवारी एक प्रत पेनड्राइव्हवर जाते.

महिन्याला एक फाईल, साध्या मजकुराची. नावात आधी वर्ष, मग महिना, म्हणजे त्या आपोआप ओळीनं लागतात. ना रंग, ना फोटो. आधी एका ॲपमध्ये लिहायचो. ते बंद पडलं आणि दोन वर्षांचं लिखाण सोबत घेऊन गेलं, तेव्हापासून ॲपच्या वाटेला गेलो नाही. देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, तरी दीड वर्षाचा सगळा ऐवज सव्वा एमबीच्या आत आहे. फोनवर काढलेला एक फोटो याहून जड असतो.

लिहितो काय? भाव, पाऊस, कोण आलं, काय शिजलं. जुलै २०२४ मधली एक नोंद जशीच्या तशी देतो: ‘पाऊस थांबंना. राजाराम बंधारा ४३ च्या वर. साखर, पोहे, गुळाचे रवे पोटमाळ्यावर चढवले. गिऱ्हाईक येतंय ते मेणबत्त्या आणि काड्यापेटीलाच. संध्याकाळी पिठलं.’ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोका पातळी. पावसाळ्यात आमच्याकडं ‘जेवलास का’च्या आधी ‘पाणी किती फूट?’ विचारतात.

आता मूळ दुखण्याकडं येतो. यंदा मे महिन्यात आईनं विचारलं, “गेल्या साली चटणीला मिरच्या किती घेतलेल्या रं?” मी ऐटीत फोन काढला आणि ‘मिरची’ शोधलं. तीन नोंदी निघाल्या: भाजीवालीशी झालेली हुज्जत, फाटलेलं पोतं आणि एकदाचा ठेचा. चटणीचा पत्ताच नाही. आई म्हणाली, “एवढं रोज लिवतोस आणि ऐन वक्ताला घावंना व्हय?”

नोंद होती. ‘ब्याडगी अडीच, संकेश्वरी दीड किलो, मिरच्या निवडून झाल्या, उद्या डंकावर.’ डंक म्हणजे मिरची कुटायची गिरणी. मी शोधत होतो मिरची, लिहिलं होतं मिरच्या. फोनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. मग डोक्यात उजेड पडला की आपल्या भाषेत हे जागोजागी असणार. दूध शोधलं तर दुधाचा भाव सापडत नाही. मीठ शोधलं तर मिठाचा पुडा नाही, फूट शोधलं तर फुटांवर गेलेली नदी नाही. शाळेत सामान्यरूपावर छड्या खाल्ल्या, ते पन्नाशीत पुन्हा असं गाठेल असं वाटलं नव्हतं. शब्दाचा न बदलणारा तुकडा शोधावा, ‘मिरच’ एवढंच टाकावं, हा उपाय मिरचीपुरता चालतो. पाऊस आणि पावसात न बदलणारं ‘पा’ एवढंच, ते टाकून बघा. दुकानदाराच्या नोंदींत पाव किलोला काय तोटा!

याहून खोल एक खड्डा सापडला तो ‘पायऱ्या’ शोधताना. पाणी दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत किती वेळा आलं ते बघायचं होतं. डोळ्यांना दिसणारी नोंदही शोधात येईना. झालं असं की ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात मराठीचा खास ‘ऱ’ असतो, त्याला हलन्त आणि पुढं य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. माझा फोन एक लिहितो, दुकानातला कॉम्प्युटर दुसरं. ‘ॲ’चीही तीच कथा. एक अख्खं अक्षर आहे, आणि एक अ वर चंद्र चढवून केलेलं. त्यामुळं आईची ॲसिडिटी माझ्या नोंदींत दोन वेगळे आजार बनून बसली होती.

ठरवलं, सगळीकडं एकच रूप करून टाकायचं. आणि इथं मी माती खाल्ली. ‘शोधा आणि बदला’मध्ये र्य टाकलं, बदलून ऱ्य. ते अदृश्य जोडचिन्ह टाकायचं राहिलं, आता अदृश्यच ते, राहिलेलं कळणार कसं? एका दमात सूर्याचा सूऱ्य झाला, मंगल कार्यालयाचं मंगल काऱ्यालय झालं, आणि भाचीच्या लग्नातल्या नोंदीत सगळ्यांना ‘आश्चऱ्य’ वाटलं. नशीब की तो रविवार होता, पेनड्राइव्हवरची प्रत ताजी होती. दुसऱ्या खेपेला आपल्याच नोंदीतला चुकार ‘पायऱ्या’ उचलला, त्यातला मधला तुकडा चिकटवला, तेव्हा जमलं. तुम्ही करणार असाल तर आधी प्रत काढा, आणि बदल झाल्यावर सूर्य शाबूत आहे का ते बघा.

सामान्यरूपाला मात्र असं औषध नाही. तिथं वडिलांची पद्धत कामी आली. दुकानात रोजकीर्दीत दिवसभराचं सगळं ओळीनं उतरायचं आणि सवडीनं त्यातली रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत जायची. रोजकीर्द सांगते त्या दिवशी काय झालं, खतावणी सांगते त्या माणसाचं काय चाललंय. मी दीड वर्ष नुसती रोजकीर्दच भरत होतो. आता दर नोंदीखाली एक ओळ असते: ‘खातं: पाऊस, नदी, चटणी.’ शब्द मूळ रूपात, एकवचनी, प्रत्यय लावायचा नाही. सव्वीस खाती ठरवली आहेत. सत्ताविसावं उघडायचं तर आधी एक मिटवायचं, नाहीतर खात्यांचंच जंगल होतं. जुन्या नोंदींपैकी १९० ला खाती लावून झाली. बाकीचं थकलंय.

जुनं वाचताना कोऱ्या दिवसांची खंत वाटते ती वेगळीच. लग्नाचे आणि दवाखान्याचे कोरे दिवस समजू शकतो. पण वीसेक दिवस मी ‘आज काही घडलं नाही’ म्हणून सोडलेत. शेजारच्या बेकरीचं शटर कायमचं कधी खाली आलं ते परवा बघायला गेलो, तर नेमका तो आठवडा कोरा.

बोलून लिहायचा प्रयोग महिनाभर केला आणि सोडला. मी ‘डंकावर गेलो’ म्हणायचो, फोन मला बँकेवर धाडायचा.

फोल्डर मस्कतचा धाकटा भाऊ आणि पुण्यातली लेक दोघंही वाचतात. त्याची किंमत मोजून झाली आहे. आत्याच्या मोतीबिंदूची तारीख मी सहज नोंदवली, भावानं तिकडून ‘काळजी घे’ म्हणून फोन केला, आणि आत्यानं अजून स्वतःच्या सुनेलाही सांगितलं नव्हतं. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून दुखणी आणि देणीघेणी वेगळ्या फाईलीत असतात, ती फक्त माझी. लेक म्हणते, “बाबा, आता तुमचं लिहिणं जरा अळणी झालंय.” असू दे.

पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत मागची खतावणी संपवायचा बेत आहे. रोज पाच नोंदी केल्या तर सव्वादोन महिन्यांचंच काम आहे. म्हणजे लगीनसराईचा हिशेब धरून पाडवा उजाडणारच.

आज दुकानात वहीपूजन झालं. नव्या वहीशेजारी आईनं माझा फोनही ठेवला आणि त्यालाही हळदकुंकू लावलं. काचेवरचं पुसलं, पण चार्जिंगच्या भोकात गेलेलं कुंकू काही निघंना.

खातं: दिवाळी, दुकान, आई.