फॉरमॅट मारायच्या आधी जरा थांबा

जुना कॉम्प्युटर चालू होईना म्हणून कोणालाही दाखवला की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, फॉरमॅट मारावा लागेल. मला हे ऐकलं की खरंच राग येतो. घरातल्या दहा-बारा वर्षं जुन्या डेस्कटॉपमध्ये लग्नाचे फोटो असतात, टॅलीचा डेटा असतो, कोणीतरी श्रीलिपीत टाइप करून ठेवलेलं असतं आणि त्याची दुसरी कॉपी कुठेच नसते. आणि बऱ्याचदा बिघाडाचा विंडोजशी काही संबंधच नसतो.

बटण दाबल्यावर सगळं एका क्रमाने होतं. आधी एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डाला (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाला) सप्लाय देतो आणि व्होल्टेज ठीक आहेत असा सिग्नल पाठवतो, मग प्रोसेसर बायोस, म्हणजे बोर्डातच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, वाचायला लागतो, बायोस रॅम (चालू कामाची मेमरी) बघतो, डिस्प्ले, कीबोर्ड, हार्डडिस्क बघतो आणि हे सगळं झालं की मग कुठे हार्डडिस्कवरचं विंडोज लोड व्हायला लागतं. मग स्क्रीनवर एक अक्षरही उमटत नसेल तर फॉरमॅट मारून काय होणार? गाडी कुठे अडलीये ते आधी बघायला हवं.

माझ्या आत्याचंच बघा. चिपळूणला असते, तिचा कॉम्प्युटर म्हणजे सेकंड जनरेशन आय थ्री प्रोसेसर, एच ६१ चा बोर्ड, विंडोज ७. मे महिन्यात मुलाकडे पुण्याला जाऊन आली, जाताना घरचा मेन स्विच बंद करून गेली होती, आणि परत येऊन कॉम्प्युटर लावला तर विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळं काहीतरी चमकतं आणि परत पहिल्यापासून सुरू. दुकानवाल्याने बघून लगेच सांगितलं फॉरमॅट, आणि वर डेटाची गॅरंटी नाही. तिचा फोन आला, "अरे तो म्हणतो सगळं पुसावं लागेल, माझी सगळी भजनं आहेत रे त्यात." म्हटलं, आत्या, तू कोणाला हात लावू देऊ नकोस, मी येतो.

मेन स्विच बंद होता हे ऐकूनच मला शंका आली होती. बोर्डावर एक रुपयाच्या नाण्याहून थोडा कमी-जास्त आकाराचा चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तारीख, वेळ आणि बायोसची सेटिंग हा सेल सांभाळतो. प्लग लावलेला आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण चालू असेल तोवर हे काम एसएमपीएसच्या स्टँडबाय सप्लायवर भागतं, त्यामुळे सेल संपला तरी कळत नाही, आणि घर महिनाभर बंद राहिलं की सेटिंग सगळी मूळपदावर जातात. तिच्या बायोसमध्ये तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती आणि साटा मोड, म्हणजे बोर्डाने हार्डडिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयचा आयडीई झाला होता. विंडोज ७ एएचसीआयवर टाकलेलं असेल आणि खाली मोड बदलला तर त्याला स्वतःची डिस्कच सापडत नाही, मग निळा स्क्रीन देऊन रिस्टार्ट होतं. एफ८ दाबून ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद केलं तर तो निळा स्क्रीन नीट वाचता येतो, कोडच्या शेवटी ७बी दिसतं. ते दिसलं की माझा पहिला संशय इथेच. नवा सेल टाकला, तारीख लावली, मोड परत एएचसीआय केला, सेव्ह करून बाहेर आलो आणि विंडोज आलं, भजनं जागच्या जागी. सेल चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो हो! त्याच्यासाठी कोणाची वर्षानुवर्षांची मेहनत पुसायची?

सेल गेल्याचं अजून एक लक्षण सांगतो, कॉम्प्युटर चालू होतो पण बँकेच्या वगैरे साइट उघडत नाहीत, ब्राउजर म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही, आणि लोक नेटवाल्याला फोन करत बसतात. आधी कोपऱ्यातली तारीख बघा.

पंखा फिरतोय, लाइट लागलाय, स्क्रीन काळा, आणि सलग बीप येतायत, तर बहुतेक रॅम. कोकणात पावसाळ्यात तर हे ठरलेलंच, दमट हवेने कॉन्टॅक्टवर थर बसतो. प्लग काढा, दोन्ही बाजूच्या क्लिपा उघडून रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्ट्यांवरून साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, काळपटपणा निघताना डोळ्यांना दिसतो, चुरा ब्रशने झटका, स्लॉटसुद्धा ब्रशने साफ करा आणि क्लिपा टक् करून बसेपर्यंत दाबा. बीप अजिबातच येत नसेल तर सगळी रॅम काढून चालू करून बघा, आता बीप आला तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत असं धरायला हरकत नाही. फक्त बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला हवा, पुष्कळ कॅबिनेटमध्ये तो नसतोच.

सकाळी चार-पाच वेळा बटण दाबल्यावर चालू होतो आणि मग दिवसभर नीट चालतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक एसएमपीएसमधले किंवा बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे पार्ट) थकलेत. बोर्डावरचे बघता येतात, वरचा सपाट भाग फुगलेला दिसतो, कधी तपकिरी चिकट सुटलेलं असतं. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत धक्का बसेल इतका चार्ज राहू शकतो. तो सरळ बदलायचा.

आणि हार्डडिस्क टक टक आवाज करत असेल तर परत परत चालू करून बघणं लगेच थांबवा. केबल बदलून, दुसऱ्या पोर्टला लावून बायोसमध्ये दिसते का एवढं एकदा बघा. दिसत असेल आणि आवाज थांबला असेल तर ती काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, पण डेस्कटॉपची मोठी डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही, बारा व्होल्टचा वेगळा सप्लाय असलेलाच अडॅप्टर घ्या. डेटा दोन ठिकाणी कॉपी करा, दोन-चार फायली उघडून खात्री करा, आणि मग खुशाल एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) टाकून नवीन विंडोज घाला.