एवढं जाड, तरी अंगावर का येत नाही?

पाटीसाठी किंवा मुखपृष्ठासाठी अक्षरं निवडताना पुष्कळ जण कूपर ब्लॅक या इंग्रजी टाइपावर, म्हणजे छापील अक्षरांच्या वळणावर, बोट ठेवतात आणि विचारतात, "एवढं जाड अक्षर, तरी अंगावर का येत नाही?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

बारीक अक्षर फुगवलं की जाड अक्षर होत नाही. शाई कुठे वाढवायची आणि कुठे आवरायची, हे ठरवावं लागतं. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपरने ते फार समजून ठरवलं. फ्रेडरिक गाउडी या अमेरिकन अक्षररचनाकाराच्या हाताखाली शिकलेला आणि जाहिरातींसाठी हाताने अक्षरं काढणारा हा माणूस. बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, १९२२ मध्ये त्याचा हा टाइप बाजारात आणला.

रेघेच्या टोकांना जे छोटे पाय फुटलेले असतात, ते सेरिफ. एरवी ते सपाट नाहीतर टोकदार असतात. कूपरने ते गोल केले, अक्षरांचे तळही फुगीर ठेवले. अख्ख्या शब्दात बोचणारी कड सापडत नाही ती त्यामुळे. आणि इंग्रजी लहान लिपीतला 'ओ' (o) जरूर बघा. त्याची आतली पोकळी सरळ उभी नाही, मागे रेललेली आहे. रुंद टाकाने, तिरका हात धरून लिहिलं की गोल असाच कलतो. छापील खिळ्यात हात जिवंत राहिला तो इथे, आणि माझा जीव या पोकळीवरच जडलाय.

बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या 'पेट साउंड्स' या अल्बमच्या १९६६च्या वेष्टनावर हीच अक्षरं आहेत, ईझीजेट या विमान कंपनीच्या नारिंगी नावातही हीच. दोन्हीकडे शब्द मोजके आणि अक्षरं मोठी. तुम्हीही तेवढंच करा. नाव या टाइपात घ्या, पत्ता आणि फोन नंबर मात्र साध्या अक्षरात. लहान आकारात 'ई' (e) आणि 'ए' (a) यांची पोटं बुजतात. सगळी अक्षरं कॅपिटल करू नका, याचा गोडवा लहान लिपीत जास्त आहे. अक्षरं जवळजवळ बसवा. आणि फ्लेक्सवाल्याला नाव आडवं ताणू देऊ नका, कृपा करून! उभ्या रेघा तेवढ्या जाड होतात, आडव्या होत्या तशाच राहतात, आणि सगळा तोल जातो.

शेजारी मराठी नाव असेल तर 'एक टाइप' (Ek Type) नावाच्या संस्थेचा 'बलू' हा देवनागरी टाइप लावून बघा. तोही जाड आणि गोल आहे, शिरोरेषा असूनही मऊ वाटतो. नावात 'क्ष', 'ष्ठ' किंवा 'ळ' असेल तर पाटीच्या मापात आधी एक छापील नमुना काढा आणि रस्त्यापलीकडून वाचून बघा. जाड देवनागरीत पोकळ्या पहिल्यांदा तिथेच बुजतात.