इंजिनाचं नोबलर, बॅटरीवर

जॉर्ज ऑल्ड्रिच यांचं 1950 च्या दशकातलं 'नोबलर', म्हणजे तारांना बांधून गोल उडवायचं मॉडेल विमान, आर्वीजवळच्या आमच्या गावी बाल्साच्या हलक्या लाकडातून उभं करतोय. मूळ मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या ग्लो इंजिनाचं. मी बॅटरीवरची ब्रशलेस मोटर बसवली. मिथेनॉल शोधत कोण फिरणार!

खरी गोम तोलाची. इंधन जळतं तसं विमानाचं नाक हलकं होतं. बॅटरी शेवटपर्यंत तेवढीच जड. म्हणून मी तिची जागा मागेपुढे सरकेल अशीच ठेवली. हातातल्या हँडलपासून दोन पोलादी तारा पंखातल्या बेलक्रँक या तरफेला; तिथून पंखामागचे फ्लॅप आणि शेपटीचं एलिव्हेटर एकमेकांच्या उलट हलतात. तारांच्या वजनापोटी वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूच्या पंखाच्या टोकात थोडं शिसं. मोटर बंद करायचं काम टायमरचं.

पऱ्हाटी उपटली की वावर मोकळं. विजेच्या तारांपासून लांबचंच निवडलंय.

आबाजींचं एकच, "बांधूनच ठेवाचं तं इमान काहून? पतंग उडव ना बाप्पा!"