चौथी लाल केमो झाली

आज हिची चौथी लाल केमो झाली. दर 21 दिवसांनी एक, अशा चारही पार पडल्या. आता दुसऱ्या औषधाच्या बारा, दर आठवड्याला एक. मग रेडिएशन.

सिस्टर ते लाल औषध हाताने, अगदी सावकाश शिरेत सोडतात. तेवढा वेळ हिच्या तोंडात बर्फाचा खडा, तोंड येऊ नये म्हणून. मी वाटी धरून बसतो. खडा विरघळला की ही नुसती भुवई उचलते. भुवया फार विरळ झाल्यात, पण मला कळतं.

आज मध्येच म्हणाली, "अहो, मांडवी एक्सप्रेसचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. विसरू नका."

मालवणला जायचंय. कुडाळला उतरायचं, होडीने सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, सोलकढी प्यायची. सध्या तिला पाणीसुद्धा कडू लागतं, तरी सोलकढीचं नाव काढलं की चेहरा उजळतो. खिडकी तिचीच, हे ठरलेलं आहे. तारीख डॉक्टरांना विचारूनच.

घरी येऊन चार घास मऊ भात खाल्लान. आत्ता झोपलीय, माझा हात धरून. म्हणून हे एका हाताने टाईप करतोय.